जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं नव्हेत

पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा. वसई-विरारच्या यातल्या कुठल्याही बंदरावर डोल जाळ्याचा माल ओतला की त्यात बोंबील, मांदेली, जवळा, एखादं माकुल, मुशीचं पिल्लू, चिंबोरी आणि जेलीफिशचा बुळबुळीत गोळा असं सगळं एकत्र निघतं. जीवशास्त्राच्या पुस्तकात प्राण्यांचे जे मोठे संघ शिकवले जातात, त्यांतले निदान चार त्या एका ढिगात असतात: निडारिया, संधिपाद, मृदुकाय आणि समपृष्ठरज्जू. तरीही इथल्या मुलांची समुद्री प्राण्यांशी शास्त्रीय ओळख होते ती फॉर्मलीनच्या बरणीत पांढऱ्या पडलेल्या नमुन्यांतून. वर्गीकरण पाठ होतं आणि ताटातल्या प्राण्याविषयीचे समज मात्र तसेच राहतात.

सर्वांत घट्ट बसलेला समज जवळ्याविषयीचा आहे. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं, वाढू दिली असती तर कोळंबी झाली असती, असं शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. जवळा हा पूर्ण वाढलेला, स्वतंत्र प्राणी आहे. अॅसिटिस इंडिकस हे त्याचं शास्त्रीय नाव. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८३० मध्ये त्याची नोंद केली. दोन-तीन सेंटिमीटर ही त्याची प्रौढ लांबीच आहे. खात्री करायची असेल तर ताजा जवळा बशीत पाणी घेऊन त्यात सोडावा आणि भिंगातून पाय मोजावेत. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळ्याला तीनच सापडतील, कारण त्याच्या प्रजातीत चौथी आणि पाचवी जोडी उरलेलीच नाही. जवळ्याएवढं कोळंबीचं पिल्लू शेजारी ठेवलं तर त्याला पाचही जोड्या दिसतात. जवळ्याच्या राशीत इतर प्राण्यांची पिल्लंही येतात हे खरं आहे, आणि बारीक आसाच्या जाळ्यांबद्दलची काळजीही रास्त आहे. पण ती काळजी मांडताना जवळ्यालाच पिल्लू ठरवलं की मुद्दा कच्चा पडतो. याच जवळ्यावर बोंबील पोसला जातो.

तसाच घोळ अंबाडचा. सुकटीच्या बाजारात तो कोळंबीचाच लहान भाऊ समजला जातो, पण दोघांचे गट वेगळे आहेत. अंबाडच्या पोटाच्या दुसऱ्या वलयाची बाजूची पट्टी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही वलयांवर चढलेली असते. खऱ्या कोळंबीत ती फक्त मागच्या वलयावर येते. शिवाय अंबाडची मादी अंडी पोटाखाली बाळगते, तर कोळंबीची मादी ती पाण्यात सोडून देते. पोटावरच्या पट्टीची ही एक खूण नीट शिकवली, तर मुलं टोपलीभर माल दहा मिनिटांत दोन ढिगांत वेगळा करू शकतात.

हलवा म्हणजे काळं पापलेट, हा समज हॉटेलांच्या मेनूकार्डांनी पक्का केला. आकार सारखा आणि प्रौढ वयात दोघांनाही पोटाचे पर नाहीत, त्यामुळे फसणं सोपं आहे. मात्र हलव्याच्या शेपटीच्या देठावरून बोट फिरवलं की बाजूच्या रेषेवर कडक, खरखरीत खवले लागतात. ही खूण कॅरँजिडी कुळाची आहे. पापलेटचं कुळ वेगळं, आणि तिथे हा भाग गुळगुळीत असतो. वरवरच्या आकारावरून किंवा रंगावरून नातं जोडलं की अशी चूक होते. बरणीतल्या माशाचा रंग फॉर्मलीनमध्ये उडतोच, म्हणून अभ्यासक परांतले काटे मोजतात, खवल्यांच्या रांगा मोजतात, दातांची ठेवण पाहतात.

एकदा दिलेलं शास्त्रीय नाव कायमचं, असंही मानलं जातं. ते खोडायलाही पापलेटचंच उदाहरण चांगलं. आपल्या पुस्तकांत त्याचं नाव वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस असं छापलं जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय किनाऱ्यावरच्या नमुन्यांची शरीररचना आणि डीएनए तपासून हा मासा पॅम्पस कँडिडस असल्याचं दाखवलं गेलं. हे नाव नवं नाही. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये दिलेलं आणि नंतर मागे पडलेलं नाव पुन्हा उभं राहिलं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य मासा म्हणून मान दिला, त्याचं नाव तरी आपल्या प्रयोगशाळांच्या चिठ्ठ्यांवर दुरुस्त व्हायला हवं.

आता माकुल. ते मासा नाही. कालवं आणि तिसऱ्या ज्या मृदुकाय संघात येतात, त्याच संघातलं ते आहे. शिंपला गेला कुठे, असा प्रश्न मुलं विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. उत्तर माकुलाच्या आतच आहे. बाजारात माकुल या एकाच नावाखाली दोन प्राणी विकले जातात. एकाच्या पाठीत पारदर्शक, पिसासारखी पट्टी निघते, तो स्क्विड. दुसऱ्याच्या पाठीत पांढरा, खडूसारखा, होडीच्या आकाराचा तुकडा निघतो, तो कटलफिश. हा तुकडा राजोडी-कळंबच्या वाळूतही पडलेला सापडतो आणि काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतो. समुद्राचा फेस वाळून तो बनतो असं मानणारे आजही आहेत. तो कॅल्शियम कार्बोनेटचा, बारीक कप्प्यांचा आतला शिंपला आहे. कप्प्यांतल्या वायूचं आणि द्रवाचं प्रमाण बदलून कटलफिश पाण्यात वर-खाली तरंगतो.

उलट धक्क्यावर आणि खडकांवर चिकटलेले पांढरे, धारदार बार्नेकल शिंपल्यांसारखे दिसतात, पण ते कोळंबी-खेकड्यांचे नातेवाईक आहेत. हे १८३० मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांच्या अळ्या पाहून ओळखलं. तोवर जाणकारही त्यांना शिंपल्यांतच धरत होते.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी बेडकासारखी उभयचर नाही. ती कल्ले आणि पर असलेला मासाच आहे, फक्त ओल्या त्वचेतूनही श्वास घेते. वाम सापासारखी दिसते, पण तिला कल्ले आणि पर आहेत. समुद्रसापाला कल्ले नसतात, अंगावर खवले असतात आणि शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. तो विषारी असतो, म्हणून जाळ्यात आला तर हाताने पकडू नये. देवमाशाची शेपटी आडवी असते, माशाची उभी. देवमासा सस्तन आहे हे वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने १७५८ मध्येच मांडलं होतं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या निळ्या फुग्यांबद्दल, म्हणजे ब्लूबॉटलबद्दल, मात्र सावकाश सांगायला हवं, कारण इथे चूक अंगावर येते. ब्लूबॉटल हा जेलीफिश नाही आणि एकटा प्राणीही नाही. तरंगणं, शिकार, पचन अशी कामं वाटून घेतलेल्या अनेक जिवांची ती वसाहत आहे. जेलीफिशशी तिचं नातं निडारिया संघापुरतं. वाळूत सुकलेला ब्लूबॉटल निरुपद्रवी असतो, हा समज धोक्याचा आहे. मेल्यावरही त्याच्या तंतूंतल्या दंशपेशी काम करतात. डंख झाल्यास चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने तंतू धुवावेत, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरावा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना गाठावा.

अलीकडे एक नवा समज रुजतो आहे: डीएनए तपासला की नाव आपोआप कळतं, मग पर आणि पाय मोजायचे कशाला? डीएनएचा क्रम जुळवायचा तो आधी कुणीतरी हाताने, डोळ्याने अचूक ओळखलेल्या नमुन्याशी. तो नमुना चुकला असेल तर यंत्रही चुकीचंच नाव सांगेल. शिवाय फॉर्मलीनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून डीएनए धड निघत नाही. त्यासाठी उतीचा तुकडा आधीच शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो.

आणि कोळणीचं ज्ञान अडाणी असतं, हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. जवळा, अंबाड आणि कोळंबी वेगळ्या टोपल्यांत टाकणारी बाई जी खूण पाहते, ती बहुतेक वेळा बरोबर असते. तिच्याकडे लॅटिन नाव नसेल, पण कोणता प्राणी कोणत्या महिन्यात, किती पाण्यात आणि कोणत्या जाळ्यात येतो हे तिच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ही माहिती बरणीवरच्या चिठ्ठीत कधीच उतरत नाही.

म्हणून वसई-विरारच्या महाविद्यालयांना आणि शाळांना एक विनंती. पुढच्या प्रात्यक्षिकाचे नमुने बंदरावरून ताजे आणा. कायद्याने संरक्षण दिलेले समुद्रघोडे, समुद्रकाकडी आणि प्रवाळ यांना हात लावू नका. प्रत्येक नमुन्यासोबत ठिकाण, तारीख, जाळ्याचा प्रकार आणि कोळीवाड्यातलं त्याचं नाव पेन्सिलीने लिहा, कारण शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.