इंग्रजी बोलण्याचा कोर्स : यात मुलं बोलणार कधी?

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली आपली मुलं-मुली कॉलेजात इंग्रजीचा पेपर पास होतात. पण मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' ऐकलं की घशाला कोरड पडते. मग आपण मुलांनाच दोष देऊन मोकळे होतो. आम्हाला वाटतं, आधी कोर्स कसा आखलाय ते बघावं.

साधा हिशेब करू. यूजीसीच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे १५ तास व्याख्यान. दोन क्रेडिटचे ३० तास, म्हणजे १,८०० मिनिटं. वर्गात ६० मुलं धरा. सर स्वतः एक शब्द न बोलता एकेकाला उभं करत राहिले, तरी अख्ख्या सेमिस्टरमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला ३० मिनिटं येतात. (आणि सर गप्प बसत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहेच.) उलट निम्मा वेळ जोड्या लावून बोलायला दिला, तर प्रत्येकाला साडेसात तास मिळतात! वर्गात गोंगाट होईल, होऊ द्यावा.

जोडीत बोलायचं काय? कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये '४/३/२' ही पद्धत मांडली, न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी ती पुढे नेली. विद्यार्थ्यानं एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या जोडीदारांना सांगायची : आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. मजकूर तोच असल्यानं शोधाशोध कमी होते, जीभ सैल होते. विषय मात्र ओळखीचा हवा : ईदच्या आदल्या दिवशीची घरातली धावपळ, वडिलांचं दुकान, भिवंडीचे यंत्रमाग. यात त्याच चुका तीनदा होण्याचा धोका आहे. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये शिक्षकांनी चार-पाच चुका कुणाचं नाव न घेता फळ्यावर लिहाव्यात. 'स्कूल'चं 'इस्कूल' झालं म्हणून बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये. समोरच्याला कळतंय ना, बस.

खरी गोची परीक्षेची आहे. बोलण्याच्या कोर्सला लेखी पेपर ठेवला, की मुलं गाइड पाठ करणारच. आयईएल्टीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांत आटोपते. तिथं ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चौघांना सारखंच वजन असतं. कॉलेजला एवढा वेळ नसेल, तर पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाचं दोन मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवता येतं.

प्रवेशाच्या वेळी पालकांनी फी विचारावीच. सोबत हेही विचारावं, की परीक्षा तोंडी आहे की लेखी, आणि एका वर्गात मुलं किती?