पिशवी कुजली, हे ठरवायचं कसं?

केळीच्या धाग्याची पिशवी म्हटलं की सगळे विचारतात, 'मजबूत होते का?' मी पण तिथूनच सुरुवात केली. जळगावकडे घड उतरवला की खोड कापूनच टाकतात, त्यामुळे कच्च्या मालाची ददात नाही. कोरडा धागा ताणही चांगला घेतो. अडचण सुरू होते ती आत ओली मेथी ठेवल्यावर. सेल्युलोजमधले हायड्रॉक्सिल गट पाणी धरतात, धागे फुगतात, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. आणि गंमत बघा, याच पाण्यामुळे सूक्ष्मजीवांचं काम सोपं होतं आणि पिशवी कुजते. वरून मेणाचा थर द्या, पिशवी टिकेल, पण कुजणं लांबेल.

माझी खरी चूक मात्र मोजण्यात झाली. तुकडे मातीत पुरले, महिन्याने काढून वजन केलं. घटलं म्हणून खूश! गाईडनी एकच विचारलं, "निर्जंतुक मातीत किती घटलं?" तो कंट्रोल मी ठेवलाच नव्हता. नंतर ठेवला तेव्हा कळलं, बरीचशी घट स्टार्चचा बाइंडर पाण्यात विरघळल्याची होती.

म्हणूनच कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीचं आयएसओ 17088 हे मानक वजनावर विसंबत नाही. सेंद्रिय कार्बनपैकी 90 टक्क्यांचा 180 दिवसांत कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, असं ते सांगतं, आणि ही चाचणी होते साधारण 58 अंश सेल्सिअसला. अंगणातला खड्डा एवढा तापत नाही. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'जैवविघटनशील' लिहू नका. कुठे, किती तापमानाला, किती दिवसांत, तेही लिहा. व्हायवामध्ये पहिला प्रश्न त्यावरच येतो.