विंडोज १० : आता बदलायचे का?

विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक तरीही सुरू होतो, छापतो, हिशेब करतो. म्हणून ‘चालतोय ना, मग कशाला बदला?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण प्रश्न नव्या रंगरूपाचा नाही, सुरक्षा-दुरुस्त्यांचा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्या त्रुटीतून जगभर पसरला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. अडकली ती दुरुस्ती न बसवलेली यंत्रे. अँटिव्हायरस आहे की, असे कुणी म्हणेल. तो ओळखीचा चोर पकडतो, मोडकी कडी बदलत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा. पात्र संगणकावर विंडोज ११ फुकट मिळते, पण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रेही बाद ठरतात. ही अट जाचकच आहे. अशा यंत्रांच्या मालकांनी आडवाटेने ११ बसवण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावे. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. नाहीतर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला तो मार्ग गैरसोयीचा, कारण टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. इंटरनेटला न जोडलेल्या यंत्राला मात्र फारशी घाई नाही.