पवई, परळ, खारघर : एका पिशवीचा प्रवास

रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचे आणि पुन्हा त्याच्याच शिरेत सोडायचे. कार टी-सेल उपचाराची ही गोष्ट जीवशास्त्राची आहे, अभियांत्रिकीची आहे आणि या दोहोंना जोडणाऱ्या माणसांचीही आहे.

पिशवी छोटी असते, सलाइनच्या बाटलीपुढे तर अगदीच छोटी. द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांच्याही खाली गोठवून ठेवलेली ती पिशवी रुग्णाच्या खाटेपाशी आणतात. तिच्यावरचे नाव आणि क्रमांक दोघेजण वेगवेगळे वाचतात आणि रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहतात. मग पिशवी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात धरतात. बघता बघता बर्फ विरघळतो, आतला गढूळसर द्राव शिरेतून आत जातो आणि काही मिनिटांत पिशवी रिकामी होते. खोलीत एक वास दरवळतो. कुणाला तो उकडलेल्या मक्यासारखा वाटतो, कुणाला लसणासारखा. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यांत घातलेल्या डायमिथाइल सल्फॉक्साइड या रसायनाचा तो वास. रुग्णाच्या श्वासातून बाहेर येणारा.

पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच. चिरफाड नाही, टाके नाहीत. पण ती पिशवी खाटेपर्यंत पोहोचायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तिच्या प्रवासाचा मोठा टप्पा मुंबईत पार पडला आहे. पवईची आयआयटी, परळचे टाटा रुग्णालय आणि टाटांचेच खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र, या तीन ठिकाणांच्या मेहनतीतून भारताची पहिली कार टी-सेल उपचारपद्धती, नेक्सकार१९, उभी राहिली. ऑक्टोबर २०२३मध्ये तिला केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले.

पेशीला नवी ओळख

आपल्या रक्तातल्या टी-पेशी स्पर्शाने काम करतात. दुसऱ्या पेशीला टेकून तिच्या अंगावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे त्या तपासतात. तुकडा परका वाटला, तर त्या पेशीला भोक पाडून मारून टाकतात. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असते. ते तुकडे मांडायचेच ती टाळू शकते. मग टी-पेशी शेजारून निघून जाते.

प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची रीत निराळी असते. त्यांना मांडलेला तुकडा लागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरची खूण ती थेट ओळखतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले झेलिग एशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली या दोन रीतींचा सांधा जुळवला. बाहेरच्या बाजूला प्रतिपिंडाचे टोक आणि आतल्या बाजूला टी-पेशीला कामाला लावणारा भाग, असे एक जोडप्रथिन त्यांनी टी-पेशीवर बसवले. ‘कार’ म्हणतात ते हेच.

पहिल्या कार-पेशी लवकर थकत. शत्रू ओळखत, पण वाढत नसत आणि टिकत नसत. पुढे आतल्या भागात उत्तेजन देणारा आणखी एक तुकडा जोडला गेला, तेव्हा त्या शरीरात वाढू आणि टिकू लागल्या. निशाणा म्हणून निवडले गेले सीडी-१९ हे प्रथिन. ते प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींवर असते आणि बी-पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमिया व लिम्फोमा या कर्करोगांच्या पेशींवरही असते. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवर ते नसते. म्हणून या हल्ल्यात निरोगी बी-पेशीही जातात, पण रक्ताचा झरा आटत नाही. बी-पेशी नसल्याने संसर्गाचा धोका वाढतो. गरज पडल्यास बाहेरून प्रतिपिंडे देऊन तो सांभाळता येतो.

सहा वर्षांच्या मुलीचा ताप

एप्रिल २०१२मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला तिच्याच बदललेल्या टी-पेशी देण्यात आल्या. तिचा ल्युकेमिया केमोथेरपीला दाद देत नव्हता. हा उपचार मिळालेली ती पहिली लहान मुलगी. काही दिवसांत तिला भयंकर ताप चढला, रक्तदाब कोसळला, श्वासासाठी यंत्र लावावे लागले. पेशी काम करत होत्या. पण काम करताना इतकी संदेशद्रव्ये सोडत होत्या, की सगळे शरीरच पेटून उठले होते. सायटोकाइनचे वादळ म्हणतात ते हेच.

तपासणीत इंटरल्युकिन-६ हे द्रव्य प्रचंड वाढलेले दिसले. या संशोधनाचे एक अग्रणी कार्ल जून यांच्या मुलीला बालसंधिवात होता. त्यामुळे इंटरल्युकिन-६ला अडवणारे टॉसिलिझुमॅब नावाचे संधिवाताचे औषध त्यांना ठाऊक होते. ते एमिलीला दिले आणि काही तासांतच ती सावरू लागली. सातव्या वाढदिवशी ती शुद्धीवर आली. पुढच्या तपासणीत तिच्या शरीरात कर्करोग सापडला नाही, आणि तो परतला नाही.

कर्करोगाच्या वॉर्डात संधिवाताचे औषध आठवणे हाही एक सांधाच होता. आज टॉसिलिझुमॅब हाताशी असल्याशिवाय हा उपचार कुणी सुरूच करत नाही. ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकेने हा उपचार बाजारात यायला परवानगी दिली. किंमत होती ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन कोटी रुपयांच्या वर, आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. औषध आहे, पण आपल्यासाठी नाही, अशी आपल्याकडच्या रुग्णाची अवस्था झाली.

पवईच्या प्रयोगशाळेत

राहुल पुरवार २०१३च्या सुमारास अमेरिकेतले संशोधन संपवून आयआयटी मुंबईच्या जीवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात रुजू झाले. त्यांच्या गटापुढे दोन प्रश्न होते. पहिला जीवशास्त्राचा. परदेशी कारचे बाहेरचे टोक उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेले होते. माणसाचे शरीर ते परके समजून त्याविरुद्ध उठू शकते. मुंबईच्या गटाने शत्रू ओळखणारी मोजकी टोके तेवढी राखली आणि भोवतीची बांधणी मानवी प्रथिनासारखी करून घेतली. अलका द्विवेदी प्रथम लेखिका असलेल्या २०२१च्या शोधनिबंधात या पेशी कर्करोगाच्या पेशी मारतात आणि संदेशद्रव्ये मात्र तुलनेने कमी सोडतात, असे प्रयोगशाळेत व उंदरांमध्ये दिसून आले.

दुसरा प्रश्न अभियांत्रिकीचा, आणि किमतीचे गणित तिथेच आहे. रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. डेंग्यूच्या दिवसांत यंत्रावर बसून ज्यांनी प्लेटलेट दिल्या आहेत, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल: एका हातातून रक्त यंत्रात जाते, हवे ते बाजूला निघते आणि उरलेले शरीरात परत येते. मग टी-पेशी जागृत करतात. कारचा जनुक आत नेण्यासाठी लेंटिव्हायरस वापरतात. तो मूळ एचआयव्हीच्या कुळातला, पण स्वतःच्या प्रती काढता येऊ नयेत अशा रीतीने मोडलेला. त्यानंतर पेशी वाढवायच्या, जंतू नाहीत ना, पुरेशा पेशी जिवंत आहेत ना, त्या खरोखर मारतात ना, हे तपासायचे आणि गोठवायचे. या सगळ्यात दोन-तीन आठवडे जातात. प्रत्येक रुग्णासाठी ही सगळी मेहनत पहिल्यापासून करावी लागते. औषधाचा एक मोठा घाणा काढून हजार बाटल्या भरल्या, असे इथे होत नाही.

यातला सर्वांत महाग माल म्हणजे तो विषाणूवाहक. तो बाहेरून विकत घेतला असता, तर किंमत उतरलीच नसती. या गटाने तो स्वतः तयार केला, पेशी वाढवण्याची पद्धत स्वतः बसवली आणि २०१८मध्ये इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी आयआयटीच्या आवारातच काढली. उपचाराची किंमत तीन-चार कोटींवरून तीस-चाळीस लाखांच्या घरात आली. हे कुठली तपासणी गाळून झालेले नाही. एकेक पायरी इथेच बांधल्यामुळे झाले आहे.

काम थांबलेले नाही. आयआयटीतल्याच प्रकृती तायलिया यांच्या गटाने बारीक तंतूंच्या जाळ्यात टी-पेशी वाढवून पाहिल्या. पेशी तंतूंच्या गुंत्यात घट्ट बसतात. प्रश्न येतो त्या बाहेर काढताना. नेहमीच्या विकराने सोडवल्या तर जास्त पेशी मरतात, आणि अ‍ॅक्युटेज नावाच्या सौम्य विकराने सोडवल्या तर जास्त जगतात व पुढे नीट वाढतात, असे त्यांना आढळले. ऐकायला किरकोळ वाटेल. पण पिशवीत शेवटी किती जिवंत पेशी पोहोचणार, हे अशाच गोष्टींवर ठरते.

कप्तान कोण?

नेतृत्व म्हटले की आपल्याला व्यासपीठ आणि माइक आठवतो. या कामात नेतृत्व म्हणजे दोन विभागांच्या मधली जागा स्वतःची मानणे. परळला मोठ्यांचे रक्तविकार पाहणारे हसमुख जैन आणि मुलांचे कर्करोगतज्ज्ञ गौरव नरूला यांनी पवईच्या अभियंत्यांसोबत चाचण्यांची आखणी केली. प्रयोगशाळेतल्या माणसाला खाटेवरचा ताप समजून घ्यावा लागला आणि डॉक्टरांना पेशींच्या कारखान्याचे वेळापत्रक. पेशी तयार होईपर्यंत रुग्ण टिकवून धरायचा असतो आणि पेशी देण्याआधी केमोथेरपीने शरीरात त्यांच्यासाठी जागा करायची असते. दोघांचे दिवस जुळले नाहीत, तर पिशवी तयार आणि रुग्ण हाताबाहेर, असे होऊ शकते. ४ जून २०२१ रोजी अ‍ॅक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण कक्षात देशातला पहिला कार टी-सेल उपचार झाला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने या चाचणीला पैसा दिला होता. सरकारी निधी, सरकारी संस्था आणि सार्वजनिक रुग्णालय यांच्या बळावर हे झाले, हे विसरता कामा नये.

आकडे काय सांगतात

मार्च २०२५मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात पहिल्या दोन टप्प्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ६४ रुग्ण होते. आधीचे उपचार ज्यांना लागू पडले नव्हते किंवा ज्यांचा आजार उलटला होता, असे. ज्यांच्यात परिणाम मोजता आला, त्यांतल्या ७३ टक्के रुग्णांचा आजार उपचाराला बधला. सायटोकाइनचे तीव्र वादळ थोड्याच रुग्णांत उठले.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. रक्तातल्या पेशी बहुतेकांच्या खूप खाली गेल्या. उपचाराशी संबंधित दोन मृत्यू झाले. आणि प्रतिसाद मिळणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे: काही कर्करोगपेशी सीडी-१९ची खूणच अंगावरून पुसून टाकतात आणि मग कार-पेशींना त्या दिसत नाहीत. २०२४पासून अमेरिकेत या प्रकारच्या सर्व औषधांवर, पुढे क्वचित टी-पेशींचाच कर्करोग होऊ शकतो, अशी ठळक सूचना छापली जाते. फुप्फुस, स्तन, तोंड यांच्या कर्करोगांवर हा उपचार अजून लागू पडलेला नाही. ‘गाठ कोणतीही असो, कार टी-सेलने जाते’ असे कुणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कर्करोगाच्या बाहेर मात्र नवी वाट उघडते आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या डॉक्टरांनी ल्युपससारखे स्वप्रतिकार आजार असलेल्या १५ जणांना हाच उपचार दिला. बंडखोर बी-पेशी एकदा साफ झाल्या आणि प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे त्या सर्वांना थांबवता आली. हे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले.

वहीतले वाक्य

तीस-चाळीस लाख ही तीन कोटींच्या मानाने लहान रक्कम असेल. पण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून ‘टाटात दाखवायला’ आलेल्या कुटुंबासाठी ती जमीन विकूनही न जमणारी आहे. ती आणखी खाली यायला हवी आणि सरकारी योजनांनी तिचा भार उचलायला हवा. तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात स्वयंचलित यंत्रावर रुग्णालयातच पेशी तयार करण्याचे काम झाले आहे. अशा वाटा वाढल्या, तर पिशवीला लांबचा प्रवासच करावा लागणार नाही.

पण पेशी पोहोचल्या म्हणजे उपचार पोहोचला, असे नाही. पेशी दिल्यानंतर काही रुग्णांच्या मेंदूवर परिणाम होतो. तो ओळखायची पद्धत अगदी साधी आहे. रोज विचारतात: साल कोणते, महिना कोणता, गाव कोणते, आपण कुठल्या रुग्णालयात आहोत? पेन, घड्याळ दाखवून नाव विचारतात. शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजायला लावतात. आणि एक वाक्य लिहून घेतात. काल सरळ ओळीत लिहिलेले तेच वाक्य आज उतरते झाले, अक्षरे एकमेकांवर चढली, शेवटचा शब्द राहून गेला, की डॉक्टरांना लगेच बोलवायचे आणि औषध सुरू करायचे.

हा या साखळीतला शेवटचा सांधा. तिथे सूक्ष्मदर्शक नसतो, लेंटिव्हायरस नसतो. एक वही असते आणि कालचे अक्षर लक्षात ठेवणारी सिस्टर असते. नागपूरला, नाशिकला, कोल्हापूरला हा उपचार न्यायचा, तर पेशींच्या कारखान्याइतकीच तयारी तिच्यासाठी करावी लागेल. रात्री दोन वाजता वहीतली ओळ वाकडी दिसली, तर कुणाला फोन करायचा, हे तिला ठाऊक असले पाहिजे आणि तो फोन उचलला गेला पाहिजे.