नंबर कशाला हवाय?

दादर पश्चिमेला एका दुकानात तुम्ही दोन पेनं आणि एक वही घेता. काउंटरवरचा दादा मान वर न करता विचारतो, "नंबर?" आणि मागच्या रांगेतल्या सात-आठ जणांच्या साक्षीने तुम्ही दहा आकडे घडाघडा सांगून मोकळे होता. वही घ्यायला नंबर कशाला लागतो, हे विचारायचं सुचतच नाही. खरं तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय, की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका. म्हणजे तुम्ही "नाही देत" असं सरळ म्हणू शकता.

पण आज दुकानदाराला बोल लावायचा नाहीये. कारण नंबर मागणाऱ्यांच्या रांगेत आता आपणही आहोत. कॉलेज फेस्टचं रजिस्ट्रेशन, रविवारचा ट्रेक, घरून सुरू केलेलं केकचं पेज, मित्राने बनवलेलं छोटंसं अ‍ॅप. आपल्या प्रत्येक साइड प्रोजेक्टची सुरुवात एका फॉर्मने होते. आमचीही तशीच झाली होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीत रांगोळी, चित्रकला, पाककला अशा स्पर्धा असतात. नावं मांडवातल्या वहीत लिहायची, ही जुनी पद्धत. आम्ही तिघांनी ठरवलं, यंदा वहीला सुट्टी. दोन रात्री जागून ऑनलाइन फॉर्म केला. नाव, खोली नंबर, मोबाइल, जन्मतारीख, फोटो, इन्स्टाचं हँडल. सगळ्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. फोटो कशाला? तयार नमुन्यात तो रकाना होता, म्हणून ठेवला. जमा झालेल्या माहितीची शीट सगळ्या कार्यकर्त्यांना दिसावी म्हणून तिची लिंक ग्रुपवर टाकली. लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला शीट उघडता येत होती. काम झटपट झालं आणि कौतुकही झालं.

अनंत चतुर्दशीनंतर चार-पाच दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या अकरावीतल्या मुलीला अनोळखी नंबरांवरून रात्री-बेरात्री मेसेज येत होते. एकाने तिचाच फोटो पाठवून वाढदिवसाची तारीख लिहिली होती. तो फोटो तिने आमच्या फॉर्मशिवाय कुठेच टाकला नव्हता. काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, रांगोळी काढायला हिचा फोटो कशाला लागतो रे?"

तिघांकडेही उत्तर नव्हतं. आम्ही लिंक बंद केली, शीट उडवली. पण तोवर ती किती जणांनी उतरवून घेतली, कुठे पुढे पाठवली, हे कळायला काही मार्ग नव्हता. मुलीने सिम बदललं. पुढच्या वर्षी तिने स्पर्धेत नाव दिलं नाही.

पी. पी. नंबरचे दिवस

आई-बाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी चाळीत एखाद्याच्याच घरी फोन असायचा. मग सगळी चाळ तोच नंबर द्यायची, पुढे कंसात 'पी. पी.' लिहून. फोन आला की शेजारचे काका गॅलरीतून हाक मारायचे. कुणाचा फोन आला, किती वेळ चालला, सगळ्यांना ठाऊक. प्रायव्हसी नावाला नव्हती. पण एक होतं, आपल्याबद्दल कुणाला काय माहीत आहे हे आपल्यालाही माहीत असायचं. शेजाऱ्याने चहाटळपणा केला तर त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. आमच्या शीटमधला फोटो कुणी उचलला, त्याचं दार कुठे आहे?

आणि वर्गणीचं पावती पुस्तक आठवा. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, लालबागच्या राजाला १९३४ पासूनची परंपरा आहे. मंडळ छोटं असो की मोठं, साध्या पावतीवर असतं काय? नाव, पत्ता, रक्कम, सही. तेवढ्यावर काम भागतं.

कायदा काय म्हणतो?

हे झाल्यावर मी पहिल्यांदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा उघडून वाचला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. बहुतेक जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील.

त्यातल्या काही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. माहिती कशासाठी घेताय हे आधी स्पष्ट सांगायचं, आणि समोरच्याला ते मराठीतही वाचता आलं पाहिजे. दिलेली परवानगी मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. कायद्यात एक उदाहरण दिलंय. ऑनलाइन डॉक्टरच्या अ‍ॅपने तुमची काँटॅक्ट लिस्ट मागितली आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तरी ते 'हो' लिस्टपुरतं धरलं जात नाही. उपचाराला ती लागतच नाही ना! आमच्या रांगोळीच्या फोटोचं हेच झालं असतं.

आणखी एक. अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर परवानगी लागते. म्हणजे तुमच्या फेस्टमध्ये अकरावी-बारावीची मुलं असतील, तर हा मुद्दा तुमचाही आहे. सुरक्षिततेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. स्वतःच्या घरगुती कामाला कायदा लागू नाही, पण मंडळाच्या किंवा कॉलेजच्या नावाने शंभर जणांची यादी केली तर तिला घरगुती म्हणणं अवघड आहे. कायद्यावर टीकाही होते. सरकारी यंत्रणांना यातून सूट देता येते, माहिती अधिकाराचं एक कलमही यामुळे बदललं. ती चर्चा व्हायलाच हवी. पण आपला फॉर्म नीट करायला त्या चर्चेचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

कमी मागा

मुंबईकराच्या फोनमधलं एम-इंडिकेटर घ्या. सचिन टेके यांनी ते २०१० मध्ये आणलं. इंटरनेट नसलं तरी दादरहून पुढची फास्ट कधी, हे त्यात दिसायचं, कारण वेळापत्रक फोनमध्येच होतं. लोकलची वेळ सांगायला तुमची जन्मतारीख लागत नाही, इतकी साधी गोष्ट. साइड प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक रकान्यापुढे हाच प्रश्न ठेवून बघावा, याच्याशिवाय माझं काम अडतं का? अडत नसेल तर रकाना काढा. वय हवं असेल तर वयोगट विचारा. शीट दोघांनाच दिसू द्या, आणि बक्षीस वाटप झालं की ती पुसून टाका.

पुढच्या वर्षी आमच्या फॉर्ममध्ये तीनच गोष्टी होत्या. नाव, खोली नंबर, वयोगट. मोबाइल नंबर नव्हता, कारण चाळीत निरोप द्यायला मांडवातला माइक पुरतो.

एक गोष्ट मात्र राहिली होती. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्या प्रत्येकाला कळवावं, असंही कायदा सांगतो. ते वाचताना लाज वाटली. काकूंची माफी मागितली होती, पण बाकीच्या चाळीस-पन्नास जणांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. शेवटी जिन्याखालच्या फळ्यावर, जिथे पाण्याच्या वेळा लिहितात तिथे, खडूने लिहिलं की तुमचीही माहिती बाहेर गेली असू शकते, चूक आमची आहे, आणि खाली तिघांची नावं. दोन दिवस लोक थांबून वाचत होते. काहींनी चांगलंच सुनावलं.

यंदा रांगोळीच्या यादीत दुसऱ्या मजल्यावरचं ते नाव परत आलंय. पुढे फक्त खोली नंबर आणि वयोगट.