किल्लीच्या जुडग्यातील विजेरी : निवड, वापर व निगा

पुण्याच्या नारायण पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याचा जिना आणि जुन्नर तालुक्यातील उसाच्या फडाकडे जाणारी पाऊलवाट, ही दोन्ही ठिकाणे रात्री सारखीच काळोखी असतात. परंतु तेथे लागणारा प्रकाश मात्र सारखा नसतो. वाड्यात कुलपाचे भोक सापडावे आणि पायरी दिसावी एवढीच अपेक्षा असते. शेतावर मात्र पुढच्या पावलाखाली काय आहे हे पाऊल टाकण्यापूर्वी कळावे लागते. हा भेद ध्यानात न घेता केवळ आकार, रंग किंवा किंमत पाहून घेतलेली विजेरी ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

खेड्यापाड्यांत जिला सरसकट 'बॅटरी' म्हणतात, तिचे बोटाएवढे रूप आता सर्वत्र मिळू लागले आहे. पूर्वीच्या दोन-तीन सेलच्या विजेरीत तारेचा दिवा असे व त्यातील बहुतांश वीज उष्णतेत वाया जाई. पांढरा प्रकाश देणारे एलईडी दिवे १९९० नंतरच्या दशकात बाजारात आले. त्यांच्या मुळाशी असलेल्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल २०१४ साली तीन शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्प विजेत पुष्कळ प्रकाश देणाऱ्या या दिव्यामुळेच विजेरी किल्लीच्या जुडग्यात मावू लागली.

जवळ भ्रमणध्वनी असता निराळी विजेरी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. संकटसमयी भ्रमणध्वनीतील वीज बोलण्यासाठी राखून ठेवणे अगत्याचे असते. शिवाय ओल्या, चिखलाने माखलेल्या हातात तो धरून पाटाच्या कडेने चालणे धोक्याचे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व मुठेकाठच्या नारायण पेठेसह पुण्याचे अनेक भाग जलमय झाले. पूर, वादळ अशा आपत्तींत वीजपुरवठा प्रथम खंडित होतो. अशा वेळी घरातील फडताळात ठेवलेल्या मोठ्या विजेरीपेक्षा अंगावर असलेली लहान विजेरी अधिक मोलाची ठरते.

गरज प्रथम ठरवावी

प्रकाशाचे एकंदर प्रमाण 'ल्यूमेन' या मापाने सांगतात. कुलूप उघडणे, पावती वाचणे, वाड्याचा जिना उतरणे यांसाठी ५ ते १० ल्यूमेन पुरेसे होतात. गावातील रस्त्याने चालण्यास २० ते ३० ल्यूमेन लागतात. शेतातील बांधावरून, गवतातून किंवा विहिरीच्या कडेने जाण्यास ५० ते १०० ल्यूमेन असणे इष्ट होय. ग्रामसेवक, कृषी सहायक व रात्री पाणी देणारे शेतकरी यांनी कमी व अधिक अशा दोन पायऱ्या असलेली विजेरी घ्यावी. जवळच्या कामाला कमी प्रकाश वापरावा व वाट चालताना तो वाढवावा, म्हणजे सेल अधिक काळ टिकतो.

ल्यूमेन अधिक म्हणजे प्रकाश तितकाच लांब जातो, असे मात्र नाही. अंतर दुप्पट झाले की पडणारा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून त्याच घडणीच्या विजेरीचा पल्ला दुप्पट करावयाचा तर प्रकाश चौपट करावा लागतो. अरुंद झोताची विजेरी दूरवर पोहोचते, परंतु पायाजवळचा भाग काळोखात ठेवते. पायी चालणाऱ्यास पसरट प्रकाश देणारी विजेरी अधिक सोयीची असते.

वेष्टनावरील आकड्यांची पारख

आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीनुसार छापलेला पल्ला म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, सुमारे पाव लक्स, उजेड जेथवर पोहोचतो ते अंतर होय. तेवढ्या उजेडात माणूस उभा असल्याचे कळते, परंतु जमिनीवरील साप ओळखू येत नाही. छापील पल्ल्याच्या निम्म्या अंतरावर उजेड चौपट असतो. सबब कामाचा पल्ला छापील आकड्याच्या निम्माच, किंबहुना त्याहूनही कमी धरावा. त्याचप्रमाणे छापलेला काळ हा प्रकाश आरंभीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा असतो. तितका वेळ पूर्ण प्रकाश मिळेल असे समजू नये.

अतिशयोक्तीच्या जाहिराती साध्या हिशोबाने ओळखता येतात. चांगला लहान एलईडी एका वॉटमध्ये साधारण ८० ते १०० ल्यूमेन प्रकाश देतो. रिमोटमध्ये घालतात त्या बारीक सेलमध्ये सुमारे एक वॉट-तास वीज साठते. म्हणजे १०० ल्यूमेनचा दिवा त्यावर जेमतेम एक तास चालेल, तर २० ल्यूमेनचा चार ते पाच तास. एखाद्या बोटभर विजेरीवर '१००० ल्यूमेन, १० तास' असे छापलेले असेल, तर त्यासाठी सुमारे १०० वॉट-तास वीज लागेल. एवढी वीज शंभर बारीक सेलांत मावते. अशा दाव्यावर विश्वास ठेवू नये.

सेल कोणता असावा

बटन सेलची विजेरी सर्वांत हलकी असते. तीन व्होल्टच्या, नाण्याएवढ्या लिथियम सेलमध्ये सुमारे ०.६ वॉट-तास वीज असते; मात्र तो सेल थोडी थोडी वीज घेण्यासाठीच योग्य आहे. कुलपापुरत्या प्रकाशास तो चालतो, शेतावरील वापरास पुरत नाही. हा सेल लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिकेस दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसणारे असावे व सेल गिळल्याची शंका आल्यास मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

बारीक सेलची विजेरी थोडी लांब असते, परंतु तिचा सेल खेड्यातील किराणा दुकानातही मिळतो. ज्यांचा मुक्काम वारंवार वाडीवस्तीवर असतो, त्यांना ती हितावह होय. पुन्हा भारित होणारे निकेल सेल वापरल्यास खर्च वाचतो.

आतच बसविलेल्या लिथियम-आयन सेलची व यूएसबी तारेने भारित होणारी विजेरी आकाराच्या मानाने प्रखर प्रकाश देते. मात्र सेल संपला असता दुसरा घालता येत नाही. जेथे नित्य वीज असते व रोज घरी परतणे होते, तेथेच ती घ्यावी. लहान विजेरी पूर्ण प्रकाशावर लवकर तापते व बहुधा आपोआप मंद होते, हेही जाणून असावे.

घडण व कळ

पावसात वापरावयाच्या विजेरीवर निदान 'आयपीएक्स ४' ही खूण असावी. तिचा अर्थ सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसणारी, असा आहे. पाटात किंवा हौदात पडण्याचा संभव असेल तर 'आयपीएक्स ७' घ्यावी. अशी विजेरी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते. दाबाची कळ एका हाताने चालते, परंतु खिशात नकळत दाबली जाऊन सेल संपतो. तिला अटकाव असणे बरे. डोके पिळून लागणारी विजेरी आपोआप सहसा लागत नाही, पण ती लावण्यास बहुधा दोन हात लागतात. दुकानातील झगझगीत उजेडात कोणतीही विजेरी पारखता येत नाही. दुकानदाराच्या अनुमतीने ती अंधाऱ्या कोपऱ्यात, तीन-चार मीटरवरील जमिनीवर टाकून पाहावी.

शेतावरील वापर

जेथे कृषिपंपांस रात्रपाळीने वीज मिळते, तेथे शेतकऱ्यास काळोखात पाणी द्यावे लागते. दिवसा वीज मिळावी यासाठी महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेण्यात आली. तथापि पहाटेची व सायंकाळची कामे असणारच. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार मुख्यतः रात्री फिरते आणि घोणसही रात्री बाहेर पडते. घोणस पालापाचोळ्यात मिसळून जाते. म्हणून निळसर प्रकाशापेक्षा किंचित पिवळसर प्रकाश घ्यावा. त्यात माती, पाने व साप यांचे रंग वेगळे उमटतात. विजेरी कमरेच्या उंचीवर धरून प्रकाश तीन-चार मीटर पुढे टाकावा. खालून तिरप्या पडणाऱ्या प्रकाशात खड्डे, दगड व वेटोळे यांच्या सावल्या पडून ते उठून दिसतात.

प्रकाशाने साप पळतो ही समजूत खरी नाही. पायांत उंच गमबूट व हाती काठी असावीच. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये. अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते. बिबट्याचा वावर असलेल्या भागात लहान विजेरीस संरक्षण समजू नये. सोबतीने व बोलत जावे, आणि मोठी विजेरी निराळी न्यावी.

आणखी एक धोका विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्टार्टरची पेटी पाहताना विजेरीस लोंबणाऱ्या किल्ल्या विजेच्या उघड्या भागास टेकल्यास प्राणावर बेतू शकते. अशा वेळी जुडग्यापासून चटकन वेगळी होणारी विजेरी वापरावी. पेटी ओल्या हाताने उघडू नये व ती दुरुस्त करण्याचे काम जाणकारावर सोपवावे.

निगा

महिन्यातून एकदा, अमावास्येस तपासण्याचा नेम ठेवल्यास विसर पडत नाही. त्या दिवशी प्रकाश पाहावा, सेलची टोके कोरड्या फडक्याने पुसावीत, भारित होणारी विजेरी भारून ठेवावी आणि कडी झिजली असल्यास बदलावी. दीर्घकाळ न वापरावयाच्या विजेरीतून अल्कलाइन सेल काढून ठेवावा. तो पाझरल्यास आतील पितळी भाग खराब होतो. निकामी सेल बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ते संकलन केंद्राकडे द्यावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या सभेच्या अखेरीस दिवे मालवून दोन-तीन प्रकारच्या विजेऱ्यांचे प्रात्यक्षिक दाखवावे. जमिनीवर दोराचे वेटोळे ठेवून ते कोणत्या प्रकाशात किती पावलांवरून ओळखू येते, हे प्रत्येकाने स्वतः मोजावे. ज्या विजेरीत ते पाऊल पडण्यापूर्वी निश्चित दिसते, तीच विजेरी शेतकऱ्याच्या कामाची होय.