हा बर्फ कुणाच्या पाण्याचा?

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीच्या घरात मे महिन्यात कूलर लावला की थोड्याच वेळात खोली गार होते. जुलैत तोच कूलर, तीच मोटर, तेच पाणी. पण अंगाला लागतो तो नुसता चिकट वारा. या फरकामागे निसर्गाचा जो नियम आहे, नेमक्या त्याच नियमावर आल्प्सच्या उतारांवर रात्रभर बर्फ तयार केला जातो. स्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या कितीतरी गावांचा हंगाम ज्या यंत्रावर उभा आहे ते यंत्र आणि वऱ्हाडातला कूलर सख्खे भाऊ आहेत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. अजूनही त्याचं नवल ओसरलेलं नाही.

पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि गारवाही जास्त. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हवेत धरलं तर तो किती खाली उतरतो, यावरून हा गारवा मोजतात. पारा 45 वर आणि आर्द्रता जेमतेम 10 टक्के असेल, तर ओल्या फडक्यातला तापमापक 21-22 अंशांवर येतो. कूलर आपल्याला त्याच आकड्याच्या दिशेने नेत असतो. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, म्हणून त्याचं काही चालत नाही.

आता हेच थंड प्रदेशात नेऊन पाहा. हवेचं तापमान शून्याच्या एक अंश वर आहे, पण हवा खूप कोरडी आहे. ओल्या फडक्यातला तापमापक उणे तीनपर्यंत खाली जातो. अशा हवेत पाण्याचा अगदी बारीक फवारा उडवला, तर काही थेंबांची वाफ होते, बाकीचे त्यामुळे आणखी गार होतात आणि जमिनीवर पडेपर्यंत गोठून जातात. म्हणजे शून्याच्या वर तापमान असतानाही बर्फ पाडता येतो! 1950 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये रंगाच्या फवाऱ्याची तोटी, हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणि बागेला पाणी द्यायची नळी जोडून असं पहिलं यंत्र बनलं. आज त्याला बर्फाची तोफ म्हणतात. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये खेळाडू जवळजवळ संपूर्णपणे अशाच तोफांनी केलेल्या बर्फावरून घसरले.

यातली सगळ्यात अद्भुत गोष्ट अजून पुढेच आहे. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्यावर गोठतोच असं नाही. टेकायला एखादा कण मिळाला नाही तर तो उणे 35 च्याही खाली द्रव राहू शकतो. त्याला गोठायला एक बीज लागतं. झाडांच्या पानांवर राहणारा स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा एक जिवाणू आहे. त्याच्या अंगावरचं प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत ओळीने उभं करतं आणि थेंब उणे दोन-तीन अंशांतच गोठतो. पिकावर दव गोठवून पानं जाळणारा हाच जिवाणू. त्याला मारून, त्याची भुकटी करून काही ठिकाणी ती तोफेच्या पाण्यात मिसळतात. आल्प्समधल्या काही प्रांतांनी मात्र पाण्यात अशी कोणतीही भर घालायला मनाई केली आहे.

इथवर सगळं नवलाचं. पण जिथे विहिरीलाही खारं पाणी लागतं, त्या आमच्या खारपाण पट्ट्यातल्या माणसाच्या मनात यानंतर जो प्रश्न येईल, तोच या विषयाचा गाभा आहे. एवढं पाणी आणतात कुठून?

हिशेब आपल्या मापात करू. तोफेचा बर्फ आकाशातून पडलेल्या ताज्या बर्फापेक्षा चार-पाच पट घट्ट असतो. एका हेक्टरवर त्याचा एक फुटाचा थर द्यायचा तर दहा लाख लिटरहून अधिक पाणी लागतं. आपल्याकडचं तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं साधारण वीस-बावीस लाख लिटरचं. एक भरलेलं शेततळं पूर्ण रिकामं केलं तर चार एकरांच्या आसपास उतार पांढरा होईल. हे पाणी वसंतात वितळून पुन्हा ओढ्यांना मिळतं, हे खरंच. पण ते उपसलं जातं ऐन हिवाळ्यात, जेव्हा डोंगरातले झरे सर्वांत बारीक झालेले असतात. म्हणून स्कीची गावं उंचावर मोठाले तलाव खोदून ठेवतात, आणि त्यावरून भांडणं होतात. फ्रान्समधल्या ला क्लुझाझ गावात असा तलाव करायला निघाले तेव्हा 2022 मध्ये लोक तिथल्या जंगलात जाऊन बसले, आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने कामाला स्थगिती दिली.

आणि मीठ! शर्यतीच्या दिवशी ऊन पडून बर्फ मऊ झाला, तर उतारावर मीठ फेकतात. मीठ वरचा थर वितळवतं, वितळताना तो थर खालची उष्णता शोषून घेतो आणि पुन्हा गोठून काचेसारखा कडक होतो. युक्ती सुंदर आहे. पण वसंतात ते मीठ पाण्याबरोबर उतारावरून खाली जातं. जमिनीतल्या सोडियमने काय होतं ते भातकुली, दर्यापूरच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा. इथलं खारेपण कुणी बाहेरून आणून टाकलेलं नाही, ते जमिनीच्या घडणीतलंच आहे. सोडियम चिकणमातीला फुगवतो, तिची छिद्रं बुजवतो, पाणी मुरत नाही. विहिरीला पाणी लागतं पण ते ना पिण्याचं ना ओलिताचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी खारं पाणी भोगलं, त्यांना डोंगरमाथ्यावर हौसेखातर मीठ ओतणं कसं वाटेल? मला ते अस्वस्थ करतं. स्कीच्या तळव्याला लावायच्या मेणातही फ्लोरिनची अशी रसायनं असत, जी पाण्यात गेली की विघटित होतच नाहीत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत त्यांवर पूर्ण बंदी घातली. ही बंदी पाळली जाते की नाही, हे स्पर्धेच्या जागीच स्की तपासून पाहतात.

सुधारणेच्या खटपटीही नवल वाटावं अशा आहेत. उतार सारखे करणाऱ्या यंत्रांवर उपग्रहाच्या मदतीने पायाखालच्या बर्फाची जाडी मोजणारी साधनं बसवली जातात, म्हणजे जिथे थर पुरेसा आहे तिथे तोफ चालवायची गरज नाही. स्वित्झर्लंडमधलं दावोस हिवाळ्यातला बर्फ ढीग करून लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतं आणि थंडीच्या तोंडाला तोच पुन्हा पसरतं. सुमारे तीन-चतुर्थांश बर्फ टिकतो. बर्फाची लादी भुशात पुरून ठेवणारे आपले जुने बर्फवाले हे पाहून मान डोलावतील.

आपल्या देशात मराठी माणूस बर्फ बघायला जातो तो गुलमर्ग, मनाली, औली इथे. गुलमर्गला बहुतेक सगळी भिस्त आकाशातून पडणाऱ्या बर्फावर. तिथल्या गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवत डोंगराच्या अंगावर सुमारे 3,900 मीटर उंचीपर्यंत नेतो. 2024 च्या जानेवारीत तिथली कुरणं पिवळी, कोरडी पडली होती. महिना संपता संपता बर्फ आला. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेला. आपण बातमी वाचतो आणि बुकिंग रद्द करतो. पण स्लेज ओढणारा, घोडा धरणारा, स्की भाड्याने देणारा, शिकवणारा यांच्यासाठी पडीक हंगाम म्हणजे काय, हे कोरडवाहू कापूसवाल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? आभाळावर पोट असणं दोन्हीकडे सारखंच. म्हणून तिथे गेल्यावर स्लेजवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणं मला फार खटकतं. त्याचा वर्षाचा पैसा त्या थोड्या आठवड्यांत यायचा असतो.

उत्तराखंडातल्या औलीची गोष्ट जास्त गंभीर. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे बर्फ करणारी यंत्रं आणली, पाण्यासाठी उंचावर तलाव केला. औलीच्या खाली जोशीमठ आहे. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे, इथे मोठी बांधकामं नकोत, पाण्याचा निचरा नीट करा, असं मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगून ठेवलं होतं. मधल्या काळात घरं वाढली, हॉटेलं वाढली, सांडपाणी जमिनीत मुरत राहिलं. 2023 च्या जानेवारीत शेकडो घरांना तडे गेले, कुटुंबं हलवावी लागली आणि जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. कारणं अनेक, त्यांवर वादही आहेत. जवळच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याकडेही रहिवासी बोट दाखवतात. पण प्रत्येक हॉटेलच्या न्हाणीघरातलं पाणी कुठेतरी जातं, आणि कच्च्या डोंगरावर ते जाण्याची सोय नसेल तर त्याची किंमत पाहुणा देत नाही, गावकरी देतो.

आता सगळ्यांत मोठा हिशेब, जो बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. बर्फाच्या तोफा, पाळणे, रात्रीचे दिवे यांकडे आपलं लक्ष जातं, पण फ्रान्समधल्या स्की गावांचा हिशेब मांडला तेव्हा निम्म्याहून अधिक कार्बन निघाला तो पाहुण्यांच्या येण्याजाण्यातून. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाट या स्की गावात पेट्रोल-डिझेलची मोटार आत जाऊच शकत नाही. ती पाच किलोमीटर अलीकडे टेशला ठेवून गाडी बदलावी लागते, आणि ती गाडी म्हणजे रेल्वे. ऑस्ट्रियातल्या वेर्फेनवेंगने उलटा मार्ग धरला. मोटार न घेता येणाऱ्या पाहुण्याला गावातल्या प्रवासाच्या खास सवलती मिळतात. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. 2025 च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते आहे. बडनेऱ्याहून दिल्लीमार्गे कटरा आणि पुढे श्रीनगर असा सगळा प्रवास रुळांवरून होऊ शकतो. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. विमानापेक्षा दिवस जास्त लागतात, हे मान्य. पण चार दिवसांत सगळं उरकण्यापेक्षा दोन वर्षांतून एकदा, आठ-दहा दिवसांसाठी जावं, तिथल्या माणसाच्याच घरात उतरावं, तिथलाच शिक्षक धरून शिकावं. माझ्या मते जबाबदार पर्यटनात याच्याइतकी परिणामकारक दुसरी गोष्ट नाही.

हा विचार युरोपातून आला, असं समजायचं कारण नाही. भातकुली तालुक्यातच पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. घसरड्या काठावर यात्रेकरूंचे हाल होत. गाडगेबाबांनी 1908 मध्ये तिथे घाट बांधला, आणि लोकसेवेच्या त्यांच्या मोठ्या बांधकामांची ती सुरुवात होती. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा आल्या. पंढरपूरला 1917 मध्ये उभी राहिली ती चोखामेळा धर्मशाळा. यात्रेच्या गावात बाबा पोचले की आधी हातात खराटा. जिथे हजारो लोक जातात तिथे त्यांची घाण कोण काढणार, गरिबाने उतरायचं कुठे, नदीचं पाणी कोण राखणार, हे सगळे प्रश्न त्यांनी एका ठिकाणी आणले आणि प्रवचनाआधी हाताने सोडवायला घेतले. पर्यावरण आणि समाज हे दोन वेगळे कप्पे त्यांनी कधी केलेच नाहीत. आज स्की गावांसाठी जे मोठमोठे नियम लिहिले जातात, त्यांतला बराचसा भाग मला ऋणमोचनच्या त्या घाटावर आधीच केलेला दिसतो.

आपला बर्फाचा डोंगर नसला तरी आपला डोंगर आहे. चिखलदरा, 1,118 मीटर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी परतवाड्याकडून घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, दरीच्या कठड्यापाशी प्लास्टिकचा खच पडतो. त्याच गाविलगडच्या डोंगरातून चंद्रभागा, सापन, शहानूर खाली उतरून पूर्णेच्या खोऱ्यात येतात, आणि खारपाण पट्ट्यातल्या कित्येक गावांच्या नळाला येणारं गोडं पाणी शहानूर धरणाचं असतं. वर फेकलेली बाटली, वर सोडलेलं सांडपाणी हे आपल्याच माठाकडे निघालेलं असतं. डोंगरातल्या कोरकू घरात जेवलात, त्यांच्याच मुलाला वाटाड्या म्हणून घेतलंत, तर तुमचा पैसा त्या डोंगरातच राहतो. बाहेरच्या मोठ्या हॉटेलात गेलात तर तो तुमच्याबरोबरच परत खाली येतो.

तेव्हा गुलमर्गचं असो की चिखलदऱ्याचं, पैसे भरण्याआधी टूरवाल्याला एवढं विचारा: तुमच्या हॉटेलचं पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, आणि तिथे काम करणारी माणसं त्याच गावची आहेत का? उत्तर देता आलं नाही, तर दुसरा टूरवाला शोधा.